जुन्नरची बंदरे

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की शिक्षकांच्या खोलीत सहलीचा विषय निघतो. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मुले जुन्नर शहरातल्या मोहल्ल्यांमधली आणि आसपासच्या गावांतली. कोणाच्या वालिदांचे गॅरेज, कोणाची बेकरी, कोणी बाजार समितीत हमाल, कोणी गवंडी. यांतल्या बऱ्याच मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. त्यामुळे चर्चेला अर्थ उरत नाही. मुले एकच गाव सांगतात : अलिबाग. फार तर पुढे काशीद आणि मुरूड.

आम्हीही काही वर्षे हीच सहल काढली. पहाटे तीनला एस.टी. निघायची आणि वडखळ नाक्याला गाड्यांच्या रांगेत अडकायची. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईकरांची गर्दी आणखी वाढली. शनिवार-रविवारी अलिबागच्या किनाऱ्यावर वाळूपेक्षा माणसेच जास्त दिसतात. उंट, घोडागाडी, पाण्यावरच्या मोटारसायकली, भेळ, नारळपाणी आणि या सगळ्यात चाळीस मुलांची डोकी मोजत फिरणारे आम्ही. मुलांना आम्ही काय दाखवले, तर गर्दी दाखवली.

त्यातच २०१६ चा फेब्रुवारी आला. पुण्याहून सहलीला गेलेल्या महाविद्यालयातल्या मुलामुलींचा मुरूडच्या समुद्रात बुडून मृत्यू झाला. त्यांत आपल्या समाजातली मुले-मुली मोठ्या संख्येने होती. त्या रात्री जुन्नरच्या मोहल्ल्यांतही कोणी नीट झोपले नसेल. त्यानंतर पुढची काही वर्षे सहलीच्या अर्जात 'समुद्रकिनारा' हा शब्द लिहायला आम्ही धजावलो नाही. पालकही नको म्हणत. त्यांना दोष कसा द्यावा?

तरीही एक प्रश्न आमच्या मनातून जात नव्हता. तो त्याआधीच्या एका सहलीत सातवीतल्या एका मुलाने विचारला होता. जंजिऱ्याला जायला राजपुरीच्या धक्क्यावर शिडाच्या होड्यांसाठी भलीमोठी रांग होती. उन्हात उभे राहून कंटाळलेल्या मुलांना आम्ही सिद्दींची हकिकत सांगत होतो. आफ्रिकेतून आलेली ही माणसे, कोणी गुलाम म्हणून आले, कोणी खलाशी, कोणी शिपाई, आणि पुढे याच बेटाचे सत्ताधीश झाले. १९४८ मध्ये हे संस्थान भारतात विलीन झाले, वगैरे. तो मुलगा म्हणाला, "सर, अपन लोगां भी ऐसेच जहाज में से आए क्या?" मागून दुसरा हसला, "अरे, अपन जुन्नर के. जुन्नर में समंदर किधर है?"

दोघांचेही बरोबर होते. जुन्नरला समुद्र नाही. पण दीड-दोन हजार वर्षे जुन्नर जगले ते समुद्रावर. ही गोष्ट आम्हाला बी.एड.पर्यंत कोणी शिकवली नाही, आणि आम्हीही मुलांना शिकवत नव्हतो.

पहिला पुरावा गावापासून तासाभराच्या अंतरावर आहे. नाणेघाट. पावसाळ्यात तिथेही आता अलिबागसारखीच गर्दी होते. तरुण मुले धबधब्यात भिजून, घाटाच्या तोंडाशी फोटो काढून परततात. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे आणि यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांची मोजदाद त्यात अंकांत कोरली आहे. बाहेर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असे लोक सांगतात. हा घाट उतरला की खाली कोकण; कल्याण, सोपारा आणि चौल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये या तिन्ही बंदरांची नावे येतात. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी लोकांनी, दिलेल्या दानांचे लेख आहेत. त्यातल्या इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या खोदवून दिल्या. इतक्या दुरून आलेला माणूस नफ्यातला वाटा काढून इथल्या भिक्षूंसाठी पाण्याची सोय करून गेला. आपल्याकडे सबील लावतात, तसेच हे.

इस्लामचा उदय झाल्यावर याच बंदरांत अरब आणि इराणी व्यापारी येऊ लागले, किंवा खरे तर येतच राहिले. कारण त्यांचे पूर्वज आधीही येतच होते. महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा इतिहास म्हटला की पाठ्यपुस्तक अल्लाउद्दीन खलजीच्या १२९६ च्या देवगिरीवरील स्वारीपासून सुरू होते. वर्गात हा धडा शिकवताना मुलांचे चेहरे आम्ही पाहिले आहेत. पण त्याआधी सुमारे चारशे वर्षे, हिजरी सन ३०४ मध्ये, बगदादचा प्रवासी आणि इतिहासकार अल-मसऊदी चौलला आला होता. तो या गावाला 'सैमूर' म्हणतो. तिथे त्याला सुमारे दहा हजार मुसलमान राहताना आढळले. सीराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले. आणि आणखी एक वर्ग त्याने नोंदवला आहे, 'बयासिरा', म्हणजे मुसलमान आईबापांच्या पोटी इथेच जन्मलेले. त्या वेळी किनाऱ्यावर शिलाहार राजा होता आणि त्याच्या वर राष्ट्रकूट सम्राट. मुसलमानांचे आपापसातले तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. त्याच्या पदाला 'हुनरमन' म्हणत. तलवार नाही, स्वारी नाही. बंदर, व्यापार, मशिदी आणि राजाने दिलेला मान.

दुसरा पुरावा त्याहून विलक्षण आहे. आजच्या पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ चिंचणी नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तिथे सापडलेल्या इ.स. ९२६ च्या ताम्रपटात संजाण प्रांताचा कारभार पाहणाऱ्या एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याचे नाव येते. संस्कृत लेखकाने ते 'मधुमती' असे लिहिले आहे. मुहम्मदचे मधुमती झाले, असे अभ्यासक मानतात. राष्ट्रकूटांनी त्याला हा प्रांत दिला होता. आणि ताम्रपट कशाचा आहे? एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठाला जमीन दिल्याचा. अरब अधिकारी, कन्नड सम्राट, संस्कृत लेख, देवीचा मठ. हे सगळे एका तांब्याच्या पत्र्यावर. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ तसेच बसलो.

जुन्नर आणि चौल यांना एकत्र बांधणारी सगळ्यात सुंदर गोष्ट मात्र पंधराव्या शतकातली आहे आणि ती सांगणारा मुसलमान नाही. अफानासी निकितिन हा रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी. १४६९ च्या सुमारास तो होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला. बरोबर एक घोडा होता. हिंदुस्थानात चांगले घोडे निपजत नाहीत, इथे नेला तर चांगले पैसे मिळतील, हे ऐकून त्याने जवळची पुंजी घोड्यात घातली होती. चौलहून पालीला आठ दिवस, पालीहून उमरीला दहा दिवस, तिथून जुन्नरला सहा दिवस, असा हिशेब त्याने लिहून ठेवला आहे. चोवीस दिवस. आज एस.टी.ला पाच-सहा तास लागतात, त्यात वडखळला एक तास.

जुन्नरला पोचेपर्यंत पाऊस सुरू झाला. निकितिन दोन महिने आमच्या गावात अडकला. सगळीकडे पाणी आणि चिखल, असे तो लिहितो. किल्ला मानवाने बांधलेला नाही, देवानेच घडवला आहे, वर जायची वाट इतकी अरुंद की दोन माणसे जोडीने जाऊ शकत नाहीत, हे वर्णन वाचताना शिवनेरीच डोळ्यांपुढे येतो. पावसात लोक गहू, भात आणि हरभरा पेरतात, घोड्यांना हरभरे आणि खिचडी घालतात, ही बारीक माहितीही त्याने टिपली. शिक्षक म्हणून आम्हाला त्याचे कौतुक वाटते. अडकलेला माणूस सहसा तक्रार करतो. याने टिपणे काढली.

जुन्नरचा सुभेदार तेव्हा असद खान होता, बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याच्या हाताखालचा. त्याला कळले की हा मुसाफिर मुसलमान नाही. त्याने घोडा हिसकावून घेतला आणि निरोप दिला : आमचा धर्म स्वीकारलास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, नाही तर घोडाही गेला आणि तुझ्याकडूनच हजार मोहरा वसूल करू. चार दिवसांची मुदत. निकितिनने देवाचा धावा केला. ऐन वेळी खुरासानचा ख्वाजा मुहम्मद नावाचा एक सौदागर आला. निकितिनने त्याचे पाय धरले. ख्वाजा खानाकडे गेला, रदबदली केली, धर्मांतर टळले आणि घोडाही परत मिळाला.

ही गोष्ट वर्गात सांगावी की नाही, यावर आमच्यात वाद झाला. एक सहकारी म्हणाले, असद खानाचे वागणे सांगून आपणच आपल्या मुलांची मान का खाली घालावी? आम्हाला ते पटले नाही. असद खान चुकला, आणि तो आपल्या धर्माच्या शिकवणीविरुद्ध चुकला. पण त्याच गोष्टीत ख्वाजा मुहम्मदही आहे. अनोळखी, परधर्मी, परदेशी माणसासाठी सुभेदाराच्या दारात जाऊन उभा राहिलेला. तोही आपलाच. एकाला लपवले तर दुसराही लपतो. मुलांना दोघेही कळले पाहिजेत.

निकितिन पुढे बीदरला गेला, तिथे घोडा विकला आणि काही वर्षांनी दाभोळहून जहाजात बसून होर्मुझला परतला. आपल्या गावी मात्र तो पोचला नाही, वाटेतच वारला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियन दिग्दर्शकाबरोबर १९५७ मध्ये त्याच्यावर 'परदेसी' हा चित्रपट काढला. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या काहींना तो आठवतो, नर्गिसमुळे.

ज्या महमूद गावानच्या हाताखाली असद खान होता, तोही मुळात समुद्रावरून आलेला सौदागर. इराणच्या गीलानमधून निघून १४५३ मध्ये तो दाभोळ बंदरात उतरला, तेही घोडे आणि रेशीम विकायला. पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला, बीदरला मदरसा बांधला, आणि १४८१ मध्ये दरबाऱ्यांनी बनावट पत्र रचून त्याला ठार करवले. या कटात मलिक हसन होता. मलिक हसनचा मुलगा मलिक अहमद जुन्नरला सुभेदार म्हणून बसला, वडिलांच्या खुनानंतर त्याने बहमनींशी लढा दिला आणि १४९० मध्ये स्वतंत्र झाला. निजामशाही सुरू झाली ती अशी, आमच्या गावातून. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, नंतर वसले. मूळ घराणे पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचे, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. वर्गात हे सांगितले की मुले एकमेकांकडे बघतात.

निजामशाहीला समुद्राचे दार एकच मोठे होते, चौल. आणि त्याच दारात पोर्तुगीज आले. मार्च १५०८ मध्ये इजिप्तच्या मामलूक सुलतानाचे आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली आणि गुजरातचा मलिक अय्याज यांनी मिळून चौलच्या खाडीत पोर्तुगीजांना गाठले. व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सू तिथे मारला गेला. बापाने सूड घेतला तो त्याच वर्षाच्या अखेरीस, दाभोळवर. शहर जाळले, बायका-मुलांचीही गय केली नाही. दाभोळ हे घोड्यांच्या आणि हजच्या वाटेवरचे बंदर. त्यानंतर अरबी समुद्रात जहाज न्यायचे तर पोर्तुगीजांचा परवाना, 'कार्ताझ', घ्यावा लागे. त्यावर येशू आणि मरियम यांची चित्रे असत. असा परवाना घेऊन हजला जावे की जाऊ नये, अशा परिस्थितीत हज फर्ज राहतो का, यावर अकबराच्या दरबारातले उलेमाही वाद घालत होते. आज हजच्या फॉर्मवर फोटो चिकटवताना आम्हाला हे हमखास आठवते.

पुढे बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना चौलच्या शेजारी, रेवदंड्याला, किल्ला बांधू दिला. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने तो घ्यायला मोठा वेढा घातला, पण यश आले नाही. चौल हळूहळू मागे पडले. खाडी गाळाने भरली, मुंबई वाढली. जुन्नरही तसेच मागे पडले. मलिक अंबरच्या काळात ते काही वर्षे निजामशाहीची राजधानी झाले, एवढीच शेवटची उभारी. १६३६ मध्ये निजामशाही संपली. पण बाजार अजून जिवंत असावा. कारण १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांच्या जुन्नरवर छापा घातला तेव्हा तीन लाख होनांबरोबर दोनशे घोडेही नेले.

गेल्या हिवाळ्यात आम्ही धीर करून चौल-रेवदंड्याची सहल काढली. अलिबागपासून चौल जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. पण अलिबागचा गजबजाट आक्षीनंतर ओसरू लागतो. चौलमध्ये शिरले की नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांतून जाणारी अरुंद वाट आणि रहाटाच्या विहिरी. पर्यटक नाहीतच. जुन्या हमामखान्याचे अवशेष मुलांनी पाहिले. जुन्या मशिदीच्या पडक्या भिंतींपाशी आम्ही मुलांना अल-मसऊदीचे दहा हजार मुसलमान सांगितले. आज इथे किती घरे आहेत, असे एका मुलीने विचारले. वाडीतून आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हाताची बोटे मोजून दाखवली, मग आमच्यासाठी शहाळी उतरवली आणि पैसे घेतले नाहीत. नाव विचारले तर म्हणाले, "नाव कशाला? चौलचा म्हणा."

दुपारी रेवदंडा. तटाच्या आत पोर्तुगीज चर्चचा उंच मनोरा उभा आहे. सात मजली होता म्हणतात, आता चार मजले शिल्लक. गावात बेने इस्रायलींचे बेथ एल सिनेगॉग आहे. पलीकडे खाडीच्या तोंडावर कोर्लईचा किल्ला, आणि त्याच्या पायथ्याच्या गावात आजही पोर्तुगीजमधून निघालेली वेगळीच बोली बोलतात. उर्दू माध्यमाच्या मुलांना हे ऐकून मौज वाटली. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी बोलणाऱ्यांना दुसऱ्याची चौथी बोली परकी वाटत नाही.

पाण्यात कोणालाही उतरू दिले नाही. पालकांना तसा शब्द दिला होता. मुले तटावर ओळीने बसली आणि तिथूनच समुद्र बघत राहिली. ओहोटी होती. कोळ्यांच्या होड्या चिखलात कलंडल्या होत्या.

रेवदंड्यात निकितिनचे स्मारक आहे, २००२ मध्ये उभारलेले. त्यापाशी आम्ही जुन्नरच्या पावसाची, असद खानाची, ख्वाजा मुहम्मदची आणि घोड्याची गोष्ट पुन्हा सांगितली. चौकशा झाल्या त्या घोड्याच्याच. घोडा जहाजात उभा कसा राहिला? नाणेघाट चढला का? आम्ही सांगितले, तो पालीच्या वाटेने आला, नेमका कोणता घाट चढला ते त्याने लिहिलेले नाही. "मग सर, आपण शोधून काढू," असे एकजण म्हणाला. परतताना एस.टी.त त्याने वहीत पाली, उमरी आणि जुन्नर अशी तीन टिंबे काढून त्यांमध्ये रेघा मारून पाहिल्या. पालीला अष्टविनायकांतला एक गणपती आहे आणि आमच्या लेण्याद्री-ओझरलाही आहेत, म्हणजे ही वाट यात्रेकरूंनाही ठाऊक असणार, असे त्याच्या शेजारच्याने सुचवले. हे आम्हालाही सुचले नव्हते.

२०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. शिवजयंतीला, सुट्टीच्या दिवसांत गडावर पाय ठेवायला जागा नसते. ते योग्यच आहे. पण शिवनेरीवर जन्मस्थानाचे दर्शन घेऊन परतणाऱ्यांपैकी कमानी मशिदीपाशी थांबणारे थोडे, आणि शहराजवळ हापूसबागेत सौदागर घुमटाकडे वळणारे त्याहून थोडे. हबशी बागेवरून हापूसबाग नाव पडले, असे गावातले जुने लोक सांगतात. सौदागराच्या तर नावातच व्यापार आहे. आमच्याच शाळेतल्या निम्म्या मुलांनी तो घुमट आतून पाहिला नव्हता. चौलहून आल्यावर एका शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर आम्ही त्यांना तिकडे नेले. कबुतरांनी घाण केली होती. मुलांनी न सांगता झाडू आणले.

यंदाच्या सहलीसाठी आम्ही दाभोळ सुचवले आहे. वाशिष्ठीच्या मुखाशी धक्क्याला लागूनच आदिलशाही काळातली दगडी मशीद आहे, विजापूरच्या वळणाची. गाव तिला अंडा मशीद म्हणते. फेरीबोटीने खाडी ओलांडली की मुलांना बंदर म्हणजे काय ते पाण्यावरून दिसेल, आणि पाण्यात उतरावेही लागणार नाही. अंतर लांब आहे, मुक्काम करावा लागेल, खर्च वाढेल. पालकांची सभा झाली. एका गवंडीकाम करणाऱ्या चाचांनी विचारले, "दाभोळ में देखने को क्या है?" आम्ही उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरून त्यांचाच मुलगा म्हणाला, "अब्बा, वो घोड़ेवाला वहीं से वापस गया था."

अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे. आम्ही 'समुद्रकिनारा' लिहिले होते. त्यांनी ते खोडून लाल शाईने 'ऐतिहासिक बंदर' लिहिले आणि सही पुढच्या सोमवारी करतो म्हणाले.